खलाशांचा तुटवडा आहे म्हणतात. मग आमचा भाचा चौदा महिने घरी का?

गुहागरचा_मामा

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण तुमच्यात बोटीवरचे बरेच जण आहेत म्हणून इथे मांडतो.

माझ्या ताईच्या मुलाने बारावीनंतर आयएमयू-सीईटी (सागरी अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) दिली आणि नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. मार्क चांगले, डोळे चांगले, पोहायला तर लहानपणापासूनच येतं. संस्थेत प्रवेश घेताना ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असं सांगितलं होतं. आता कोर्स संपून चौदा महिने झाले. सीडीसी (नाविकाचं ओळखपुस्तक) आहे, इंडोस नंबर (नाविकांचा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे, बेसिक सेफ्टीचे कोर्स झालेत, अंगात मावत नाही इतका उत्साह होता तोही आता ओसरलाय. बोट मात्र नाही.

मध्यंतरी एक एजंट भेटला. चार लाख द्या, महिनाभरात ट्रेनी कॅडेट म्हणून चढवतो म्हणाला. मेहुणे कलमांची बाग गहाण ठेवायला निघालेत. ताई रोज रात्री फोन करते.

एकीकडे दर ५ एप्रिलला, सागरी दिनी, पेपरात वाचतो, भारतीय नाविकांची संख्या दुप्पट झाली, जगाला आपल्याच माणसांची गरज, २०३० पर्यंत जगातल्या खलाशांत आपला वाटा २० टक्के. जगात अधिकाऱ्यांचा तुटवडा आहे असंही वाचतो. मग हा तुटवडा कुठे आहे नेमका? आमच्या ओटीवर बसलेल्या पोराला तो का दिसत नाही? आणि चार लाख द्यावेत का?

---

निवृत्त_मास्तर

मामा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. देऊ नका. एक रुपयाही नाही. नाविकाकडून नोकरीसाठी पैसे घेणं हे मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये (नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) बसत नाही आणि आपल्याकडच्या भरतीच्या नियमांतही बसत नाही. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी यांचा खर्च तुमचा, बाकी सगळा मालकाचा. ज्याच्याकडे डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचं लायसन्स आहे तो पैसे मागत नाही, आणि जो पैसे मागतो त्याच्याकडे बहुधा लायसन्स नसतं. नंबर मागा, डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. नंबर देताना आढेवेढे घेतले की समजायचं.

(आयडीवरून गैरसमज नको. मी शाळामास्तर नव्हे, बोटीवरचा मास्टर, म्हणजे कॅप्टन. बायको म्हणते फरक नाही, दोघेही घरात आरडाओरडाच करतात.)

आता तुटवडा. आपण ‘खलाशी’ म्हणून सगळ्यांना एका टोपलीत टाकतो, तिथेच घोळ होतो. बोटीवर दोन जाती. एक ऑफिसर: थर्ड मेट, सेकंड मेट, चीफ ऑफिसर, कॅप्टन, इंजिनात फोर्थपासून चीफ इंजिनियरपर्यंत. दुसरे रेटिंग, म्हणजे ऑफिसरांच्या हाताखालचे कामगार: ओएस आणि एबी (डेकवरचे साधे आणि अनुभवी खलाशी), बोसन (डेकवरचा मुकादम), ऑइलर, फिटर, कुक. तुटवड्याची जी बोंब असते ती ऑफिसरांची, त्यातही वरच्या ऑफिसरांची. टँकरवर काम केलेला चीफ ऑफिसर, गॅस कॅरियरवरचा सेकंड इंजिनियर, असे लोक आज कंपन्या एकमेकांकडून पळवतात. रेटिंग मात्र जगात गरजेपेक्षा जास्तच आहेत.

आणि तुमचा भाचा यातला कुणीच नाही. तो अजून ऑफिसर नाही, रेटिंगही नाही. तो कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर आहे, आणि कॅडेटला बोटीवर झोपायला बंक लागतो. सगळं अडलंय ते तिथे.

मी ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजावरचा, १९८०च्या आसपासच्या बॅचचा. आमच्या वेळी मुलं कमी आणि कंपन्या जवळपास सगळ्या भारतीय. बाहेर पडलो की कोण कुठल्या बोटीवर जाणार हे ठरलेलं असायचं. आज मुलं कैक पट आहेत, बोटी परदेशी झेंड्याच्या आहेत, आणि प्रत्येक बोटीवर कॅडेटसाठी दोन, फार तर चार बंक.

---

आकडेमोड

मास्तरांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाजमालकांच्या दोन संघटना दर काही वर्षांनी जगातल्या नाविकांची मोजदाद करतात. २०२१ च्या अहवालात जगभरच्या ७४,००० हून जास्त व्यापारी जहाजांवर १८.९ लाख नाविक: ८,५७,५४० ऑफिसर आणि १०,३५,१८० रेटिंग. ऑफिसरांची तूट २६,२४०. शिवाय २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० ऑफिसर लागतील असा अंदाज, म्हणजे वर्षाला अठरा हजारांच्या आसपास. देशांच्या क्रमात फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि मग आपण.

आता गंमत बघा. याच संस्थांच्या २०१५ च्या अहवालात तूट होती १६,५०० ऑफिसरांची, आणि रेटिंग १,१९,००० जास्त. त्या वेळचा अंदाज होता की २०२० मध्ये ऑफिसरांची तूट ९२,००० होईल आणि २०२५ मध्ये १,४७,५००. प्रत्यक्षात २०२१ ला मोजली तेव्हा २६,२४० निघाली. म्हणजे अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अहवाल लिहिणारे खोटं बोलले असं मी म्हणत नाही. तुटवडा दिसला की पगार वाढतात, लोक दोन वर्षं उशिरा किनाऱ्यावर येतात, देश भरती वाढवतात, आणि भाकीत स्वतःच स्वतःला खोटं पाडतं. पण शिक्षणसंस्थेच्या माहितीपुस्तकात पहिल्या पानावर छापलं जातं ते भाकीत. दुसरं काही नाही.

भारताचे सरकारी आकडे: २०१४ मध्ये सक्रिय नाविक १,१७,०९०, २०२२ मध्ये २,५०,०७१. दुप्पट झाले हे खरंच आहे, पेपर चुकीचं छापत नाहीत. पण ‘सक्रिय’ म्हणजे जो बोटीवर चढला तो. मामांचा भाचा या आकड्यात नाहीच! जो चढलाच नाही तो बेकार म्हणूनही कुठे मोजला जात नाही.

२० टक्क्यांचं काय? १८.९ लाखांचे २० टक्के म्हणजे ३.७८ लाख. आजच्या जगात हे गाठायचं तर आपल्याला सव्वा लाखाहून अधिक माणसं वाढवावी लागतील आणि कुणाच्या तरी तितक्या जागा जाव्या लागतील. रशिया आणि युक्रेन मिळून जगातले १४.५ टक्के नाविक होते, युद्धामुळे तिथे फटी पडल्या हे खरं. पण त्या फटी थर्ड इंजिनियरच्या, चीफ मेटच्या. कॅडेटच्या नव्हेत.

बंकाचं गणित सोपं आहे. डिप्लोमावाल्याला १८ महिने समुद्रावर काढावे लागतात. एका बंकातून दीड वर्षात एक मुलगा पास होतो. दोन बंकांची बोट तीन वर्षांत चार मुलं तयार करते. भारतीय झेंड्याची जहाजं सगळी मिळून पंधराशेच्या घरात आणि त्यांतली साधारण दोन तृतीयांश किनारपट्टीवरच फिरणारी, त्यात टग आणि ऑफशोअरच्या लहान बोटीही आल्या. आता वर्षाला किती मुलं आत घ्यायची ते कुणीही मांडून बघा.

---

पॉपकॉर्नवाला

आकडेमोड काका, एवढं गणित बारावीत कुणी शिकवलं असतं तर मीही सीईटी दिली असती. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

चारकोपची_चारू

मी ऑफिसरची बायको, त्यामुळे तुटवड्याची दुसरी बाजू माझ्याकडे आहे. आमचे हे सेकंड इंजिनियर आहेत, तेही टँकरवर. म्हणजे मास्तरकाका म्हणतात त्या पळवापळवीतला माल.

२०२० मध्ये चार महिन्यांसाठी गेले ते अकरा महिन्यांनी आले. जगभरात चार लाखांवर लोक असेच अडकले होते, बातम्यांत आमच्यासाठी दोन ओळी होत्या. बंदरं उतरू देईनात, विमानं नव्हती, रिलीव्हर (बदली माणूस) येणार कसा. मुलगी चालायला लागली ते त्यांनी फोनवर पाहिलं, तेही अडकत अडकत. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा साइन ऑन करतात, म्हणजे बोटीवर रुजू होतात, तेव्हा मी तारीख विचारत नाही. किती महिने म्हणाले की मनात दोन मिळवते.

ऑफिसर कमी पडतात कारण लोक सोडून जातात हो! चाळिशीच्या आत अर्धे मित्र किनाऱ्यावर आले. कुणी क्लासमध्ये शिकवतो, कुणी सुपरिंटेंडंट झाला, एकाने ठाण्याला मिसळीचं दुकान टाकलंय आणि तो सगळ्यांत सुखी दिसतो. पगार चांगला आहे, नाकारत नाही. पण तो कॉन्ट्रॅक्टवर असतानाचा. घरी बसले की शून्य, पेन्शन वगैरे नाहीच. वरून वर्षाचे दिवस मोजत बसायचं, एनआरआय धरले गेलो नाही तर टॅक्स. आमच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर शाळेच्या सुट्ट्या नाहीत, ह्यांचे बाहेरचे दिवस आहेत.

मामा, भाच्याला जाऊ द्या नक्की. पण त्याला हेही सांगा.

---

श्रीवर्धनचा_बोसन

सध्या सुट्टीवर आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी दहावीनंतर जीपी रेटिंग (डेक आणि इंजिन दोन्हीकडच्या रेटिंगचं प्रशिक्षण) केलं. सहा महिन्यांचा कोर्स. आमच्या गावात वडील बोटीवर, चुलते बोटीवर, त्यामुळे ‘काय करणार’ हा प्रश्नच नव्हता. वडिलांच्या काळी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिसात रोस्टरवर नाव असायचं, पाळी आली की बोट. वाट बघावी लागायची पण ती रांग होती. आता रांग नाही, गर्दी आहे.

माझ्या वेळी मीही पैसे दिले. लाजेने आजवर कुठे बोललो नाही. नवी मुंबईतल्या एका एजंटाला अडीच लाख. त्याने दुबईला पाठवलं, व्हिजिट व्हिसावर. तिथे आठ दिवस एका खोलीत अकरा जण, मग एक जुनाट लहान टँकर. पहिले दोन महिने पगार आला. नंतर मालकाने फोन उचलणं बंद केलं. बोट बंदराबाहेर नांगरावर उभी. डिझेल संपत आलं तसा जनरेटर रात्रीचा बंद. पाणी मोजून. आम्ही डेकवर झोपायचो, खाली श्वास कोंडायचा. पासपोर्ट कॅप्टनकडे आणि कॅप्टनही आमच्यासारखाच अडकलेला. सात महिन्यांनी युनियन आणि वकिलातीच्या खटपटीने सुटलो. पगारातलं निम्मंही हाती आलं नाही.

याला ‘अबँडनमेंट’ म्हणतात आणि हे माझ्या एकट्याचं नाही. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरचे ३,१३३ नाविक असे वाऱ्यावर सोडले गेले. त्यांत सगळ्यांत जास्त कुठल्या देशाचे? आपले. ८९९. वाटा वाढला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हाही वाटा बघावा.

आणि पगाराचं म्हणाल तर ऑफिसरचे आकडे ऐकून रेटिंगने उड्या मारू नयेत. आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) एबीसाठी ठरवलेला किमान मूळ पगार २०२५ मध्ये महिना ६७३ डॉलर होता, २०२६ पासून ६९०. ओव्हरटाइम धरून चांगल्या कंपनीत याच्या दुपटीच्या आसपास जातो. वाईट नाही, पण मोठे वाडे बांधले गेले ते आजोबांच्या काळात, आमच्या नाही.

मामा, चार लाख देऊ नका. बाग ठेवा.

---

गुहागरचा_मामा

बोसनभाई, तुमचा प्रतिसाद ताईला जसाच्या तसा वाचून दाखवला. मेहुणे ऐकत होते. काही बोलले नाहीत, उठून बागेत गेले.

---

दिवाडीचो_तारवटी

मामा, तुमच्या प्रश्नात एक जुना प्रश्न दडलाय. आमच्याकडे गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. माझे आजोबा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर सलूनमध्ये बटलर होते. तेव्हा माणसांची वाटणीच ठरलेली: डेकवर तुमचे रत्नागिरीकडचे, बरेचसे कोकणी मुसलमान, सारंग-तांडेलाच्या (खलाशांचे मुकादम) हाताखाली; इंजिनात पंजाब-पेशावरकडचे; आणि सलून, किचन आम्हां गोंयकारांचं. सारंग आपल्या गावची माणसं आणायचा. भरती, कर्ज, शिस्त सगळं त्याच्या हातात. त्यातून दलाली आणि पिळवणूकही व्हायची, उगाच सोनेरी रंग देत नाही. म्हणजे चार लाख मागणारा एजंट काही आजचा नाही.

धोबीतलावला गावागावांचे कूड होते. कूड म्हणजे गावच्या माणसांचा क्लब. एक खोली, भिंतीला लागून पेट्या, मध्ये अल्तार (प्रार्थनेची वेदी). बोट मिळेपर्यंत तिथे पडून राहायचं, भाडं नावापुरतं. बोट नसलेला तारवटी कूडच्या पेटीवर बसून असायचा, तसा तुमचा भाचा ओटीवर बसलाय. फरक इतकाच की पेटीवर तो एकटा नसायचा.

एकेका आगबोटीवर साठ-सत्तर माणसं लागायची. आज चोवीस हजार कंटेनरचं जहाज बावीस-चोवीस जण नेतात. बोटी वाढल्या म्हणून माणसं त्याच हिशेबाने वाढत नाहीत.

अवांतर: मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या दोन हजारांहून जास्त नाविकांचं स्मारक आहे. मुंबईत राहून तिथे गेलेले किती जण आहेत इथे?

---

पुणेरी_शंका

माहितीपूर्ण धागा. पण एक मूलभूत शंका. दहा-पंधरा वर्षांत जहाजं आपोआप चालणार असतील तर हा सगळा खटाटोप कशाला? नॉर्वेत ‘यारा बिर्केलँड’ हे जहाज बिनमाणसाचं चालवायला बांधलंच आहे ना? मग २० टक्के कशाचे? आणि पालघरच्या नव्या वाढवण बंदरात बारा लाख नोकऱ्या म्हणतात, भाच्याने तिथे का बघू नये?

---

सिंगापुरी_चीफ_मेट

शंकासाहेब, यारा बिर्केलँड नॉर्वेच्या किनाऱ्यालगत, खताच्या कारखान्यातून जवळच्या बंदरापर्यंत जाते. ते म्हणजे कोथरूड डेपो ते डेक्कन. मी चालवतो ते जहाज ब्राझीलहून चीनला लोहखनिज नेतं, वाटेत पस्तीस-चाळीस दिवस जमीन दिसत नाही. भर समुद्रात प्युरिफायर (तेल शुद्ध करणारं यंत्र) तुंबला की तो साफ करायला सॉफ्टवेअर येत नाही, फिटर लागतो. स्वयंचलित जहाजांचे नियम आयएमओ (संयुक्त राष्ट्रांची सागरी संस्था) बनवतेच आहे, पण माझ्या कारकिर्दीत माझी खुर्ची जाईल असं मला वाटत नाही.

वाढवणचे आकडे बंदरातल्या आणि त्याभोवतीच्या कामांचे आहेत. क्रेन, ट्रक, गोदामं. बोटीवर जाणाऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही. दोन्ही एका श्वासात बोलले जातात म्हणून गोंधळ होतो.

खरा बदल इंधनात आहे. आयएमओने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाज वाहतूक नेट झिरो करायची. त्याच वर्षी मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज समुद्रात उतरलं. पाठोपाठ अमोनियाची इंजिनं येत आहेत. मिथेनॉलची ज्योत दिवसा नीट दिसत नाही. अमोनिया गळला तर जीव घेतो. जड तेलावर वीस वर्षं काढलेल्या चीफ इंजिनियरलाही इथे पुन्हा शाळेत बसावं लागणार. डीएनव्ही या जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात अंदाज होता की २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ८ लाख नाविकांना जादा प्रशिक्षण लागू शकतं. १८.९ लाखांपैकी ८ लाख!

माझं मत असं की पुढची स्पर्धा डोकी मोजण्याची नाही. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. सगळ्यांत मोठा पुरवठादार, आणि तरी त्यांच्या प्रशिक्षणाच्या दर्जावर युरोपियन युनियन २००६ पासून बोट ठेवत होती. त्यांची सर्टिफिकेटं युरोपच्या झेंड्यावर चालणं बंद होईल अशी पाळी आली होती. २०२३ मध्ये कशीबशी मान्यता टिकली. एवढा मोठा देश एका तपासणीवर लटकला होता. आपण संस्था वाढवताना हे डोळ्यापुढे ठेवतो का, मला शंका आहे. चांगल्या संस्था आपल्याकडे आहेत, लोणावळा-कर्जत-तळेगाव पट्ट्यातच आहेत. त्यांतल्या काही कंपन्यांनीच चालवलेल्या, मुलगा घेतानाच बंक ठरलेला. पण त्याच वेळी अशीही मुलं माझ्या बोटीवर आली आहेत ज्यांनी लाइफबोट फक्त चित्रात पाहिली होती.

सरकारला एकच गोष्ट करायची असेल तर मी म्हणेन: संस्थेला जागा मंजूर करताना तिच्याकडे किती बंक लेखी आहेत ते बघा. जितके बंक तितकी मुलं.

---

आकडेमोड

चीफ मेट, शेवटच्या परिच्छेदाला +१. भर घालतो. टनेज टॅक्सची (नफ्याऐवजी जहाजांच्या आकारमानावर कर) सवलत घेणाऱ्या भारतीय कंपन्यांवर ट्रेनी घेण्याची सक्ती आहेच. पण बहुतेक भारतीय नाविक काम करतात परदेशी झेंड्यावर, तिथे अशी सक्ती आपल्याला करता येत नाही. जगातल्या टनेजमध्ये, म्हणजे जहाजांच्या एकूण क्षमतेत, आपल्या झेंड्याचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास आणि माणसांत वाटा दहा टक्क्यांच्या वर. माणसं आपली, बोटी दुसऱ्यांच्या. ५ एप्रिल १९१९ ला वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली म्हणून आपण सागरी दिन पाळतो. तो दिवस आपल्या *बोटीचा* होता हे सोयीस्कर विसरतो आणि त्या दिवशी माणसांचे आकडे जाहीर करतो.

---

निवृत्त_मास्तर

आकडेमोड, हे मी चाळीस वर्षांत कुणाच्या भाषणात ऐकलं नाही. टोपी काढली.

---

हर्णै_बंदर

हसू येतंय वाचून. तुम्ही जगाचे बोलताय, इथे आमच्या ट्रॉलरवर खलाशी मिळत नाहीत. ऑगस्टात हंगाम सुरू झाला की नेपाळहून माणसं आणतो. आगाऊ उचल द्यायची, येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, दिवाळीत घरी गेला की परत येईल याची खात्री नाही. डोंगरातला माणूस, समुद्र पहिल्यांदा बघतो तो आमच्याच बोटीवरून. आणि आमच्या पाड्यावरची पोरं कसली तरी सर्टिफिकेटं घेऊन मुंबईच्या एजंटाच्या दारात.

मामा, भाच्याला पाठवा. जाळं ओढायला नको, हिशेब लिहील. (हलकेच घ्या.)

---

लाटेवरची

मी बी.टेक. मरीनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही तीन मुली. सगळे ‘खलाशी पुरुष’ धरूनच बोलताय म्हणून लिहिते. २०२१ च्या त्याच अहवालात जगात बायका २४,०५९ होत्या, १.२८ टक्के. २०१५ पेक्षा जवळजवळ निम्म्याने वाढल्या तरी एवढ्याच. कॅप्टन राधिका मेनन यांना २०१६ मध्ये आयएमओचा शौर्य पुरस्कार मिळाला. तो प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात. आणि त्याच सेमिनारनंतर कॅम्पसला आलेली कंपनी ‘फक्त मुलगे’ असं पत्रात लिहून येते. बंक कमी आहे हे खरं. आमच्यासाठी तर बंक आहे पण वेगळी केबिन नाही असं कारण असतं. कॅडेटच्या केबिनचा प्रश्न सुटला तर मामांच्या भाच्याचा आणि माझा, दोघांचा सुटेल.

---

चारकोपची_चारू

लाटेवरची, तुझ्या वर्गातल्या तिघींनी मिळून त्या पत्राची तक्रार लेखी करा गं. तोंडी नको. लेखी राहिलं की पुढच्या वर्षी ते पत्र लिहिताना हात थबकतो.

---

गुहागरचा_मामा

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय.

मेहुण्यांनी एजंटाला नाही सांगितलं. त्याचा आरपीएसएल नंबर मागितला तर म्हणाला “साहेब, आमचं थेट मालकाशी असतं.” मास्तर म्हणाले तसंच. भाच्याने साइटवरच्या लायसन्सवाल्या कंपन्यांची यादी काढली, त्यांतल्या साठ-सत्तर जणांना स्वतः मेल टाकले. आधी तो संस्थेने दिलेल्या दोन पत्त्यांवरच अवलंबून होता. चार ठिकाणांहून उत्तर आलं, तीन नकार. एका भारतीय कंपनीची परीक्षा अंधेरीला आहे, येत्या मंगळवारी. किती मुलं येणार विचारलं तर म्हणे तीनशेच्या वर, जागा बारा.

ताईने त्याला चारूताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून म्हणाला, “आई, पण मला जायचंय.”

एक विचारायचं राहिलं. यलो फीव्हरची लस आधीच घेऊन ठेवावी का, आणि मुंबईत कुठे मिळते?

---

श्रीवर्धनचा_बोसन

घ्याच. जेजेला मिळते, पासपोर्ट न्यायला सांगा. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच चालू होतं, आणि बोट कधी कधी तीन दिवसांच्या नोटिशीवर येते. घेतली नाही म्हणून हातची बोट गेलेला मुलगा मी पाहिलाय.

आणि अंधेरीला जाताना सकाळची दिवा गाडी धरू नका म्हणावं, आदल्या रात्री येऊन राहायला सांगा. सोय नसेल तर मला मेसेज करा, माझ्या चुलतभावाची खोली जोगेश्वरीला आहे.